ओब्रायनच्या घरी एक वर्ष

कोबर्ग, मेलबर्न
१४ जानेवारी १९७९

चि. पद्मास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. परीक्षा पास झालीस हे वाचून मेधानं साखरभात केला, आणि तुझ्या वाट्याचाही मीच खाल्ला. आता राहिलं ते ब्रोकन हिलचं एक वर्ष. तिथल्या हॉस्पिटलात ते काढलंस की डॉक्टर म्हणून तुझी नोंदणी पक्की, मग या देशात तुला कुणी अडवणार नाही. विवेकराव गेल्यापासून तू ज्या जिद्दीनं उभी राहिलीस ती आता ऐन वेळी वाया जाऊ देऊ नकोस.

प्रश्न चित्राचा आहे म्हणतेस. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी, गावात ओळखीचं कुणी नाही आणि पदरात सात वर्षांची मुलगी. मग त्यात अवघड काय आहे? तिला वर्षभर आमच्याकडे ठेव. शाळा आमच्या रस्त्याच्या टोकाला आहे. मेधा घरीच असते. मी घरी असूनही नसतो, हे तुला माहीतच आहे.

नसतो तेव्हा कुठे असतो तेही सांगतो. चौदाव्या शतकातल्या आयर्लंडात. माझा अर्ल आता निम्म्या पुस्तकापर्यंत आलाय. जेराल्ड, डेस्मंडचा तिसरा अर्ल. घराणं मूळचं इंग्रजांबरोबर आलेलं, जहागीर आयर्लंडच्या दक्षिणेला. इंग्लंडच्या राजानं याला काही काळ आयर्लंडचा कारभारी नेमलं होतं, आणि हा पठ्ठ्या आयरिश भाषेत कविता करायचा. इंग्रजांनी कायदाच केला होता की आपल्या लोकांनी आयरिश बोलू नये, त्यांच्यात सोयरीक करू नये आणि आपली मुलं त्यांच्या घरी वाढायला ठेवू नयेत. आयरिश सरदारांत तशी रीतच होती. मूल लहानपणी दुसऱ्या घरी द्यायचं, ते तिथे वाढायचं आणि दोन घरं जन्माची बांधली जायची. तर या जेराल्डनं १३८८ साली राजाची खास परवानगी काढली आणि आपला मुलगा जेम्स याला ओब्रायनच्या घरी पाठवलं. गंमत पुढेच आहे. याच ओब्रायन घराण्यानं पूर्वी जेराल्डला लढाईत हरवून कैदेत ठेवलं होतं. ज्यांनी आपल्याला डांबलं त्यांच्याच घरी माणूस आपलं मूल का ठेवतो? या एका प्रश्नावर माझं अख्खं प्रकरण अडून बसलंय. तुला काही सुचलं तर कळव.

चित्राचं मात्र लवकर कळव. तिच्या खोलीला मेधानं रंग द्यायलाही घेतलाय.

तुझा
दादा


गिरावीन, सिडनी
२३ जानेवारी १९७९

ती. दादास,
सा. न.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा बरं वाटलं, दुसऱ्यांदा नाही.

मी विचारलं होतं शाळेचं. तू मला अर्ल कशाला सांगितलास? तुझी सवय मला लहानपणापासून ठाऊक आहे. तुला सायकल हवी होती तेव्हा महिनाभर तू जेवताना बाबांना घोडदळाचं महत्त्व सांगत होतास. सरळ मागणं तुझ्या स्वभावात नाही. आणि मी हो म्हणायच्या आधीच खोलीला रंग कसा लागतो, तेही सांग.

स्पष्टच लिहिते. आपल्या घरात मूल देण्याची गोष्ट नवी नाही. बाबा चार वर्षांचे असताना त्यांना मूल नसलेल्या चुलत्यांच्या मांडीवर बसवलं. कोर्ट नाही, कचेरी नाही. होम झाला, उदक सोडलं, मांडीवर बसवलं, झालं. समोरच्याच घरात सख्खी आई राहत होती आणि बाबा तिला जन्मभर काकू म्हणाले. ती गेली तेव्हा सुतक धरलं तेही तीनच दिवसांचं. चौथ्या दिवशी दाढी करून ऑफिसला गेले आणि डबा न उघडता परत आणला. हे तूच मला सांगितलं होतंस. उद्या चित्रा तुमची झाली तर मी तिची कोण? आत्या.

वहिनीबद्दल मनात काही नाही असंही म्हणणार नाही. चित्राच्या बारशाला तिनं पाळण्याशी उभं राहून हसत हसत म्हटलं होतं, 'दुसरी झाली की ती माझी हं.' दुसरी झाली नाही. आता होणारही नाही. मी ते विसरलेले नाही आणि तीही विसरली नसणार.

तरी चित्राला पाठवते आहे, कारण दुसरा इलाज नाही. पण माझ्या अटी आहेत. एकच वर्ष. नाताळाच्या आधी मी तिला न्यायला येणार. तिनं आई मला म्हणायचं आणि वहिनीला मामी, चुकूनही दुसरं नाही. आजारी पडली तर त्याच दिवशी मला फोन. विवेकचा फोटो तिच्या खोलीत राहील.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर तुझ्या अर्लचाही दुसरा इलाज नसणार. ओब्रायनला ओलीस हवा होता, आणि त्यानं तो घेतला.

पद्मा


कोबर्ग, मेलबर्न
१८ मार्च १९७९

प्रिय पद्मास,

चित्रा रुळली. शाळेतून आली की दप्तर एका टोकाला आणि बूट दुसऱ्या टोकाला. डब्यात पोळी नको म्हणते, सगळ्यांसारखं व्हेजिमाइट सँडविच हवं. मी रोज पोळीचा रोल देते, ती रोज तो परत आणते. मग घरी आल्यावर तोच रोल तूप लावून खाते. दोघींपैकी कुणीच हार मानत नाही. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि शेजारच्या आयव्ही रायनशी कुंपणावरून तासन् तास बोलते. आयव्हीचे आजोबा आयर्लंडहून आलेले, त्यामुळे तुझ्या दादाला घरबसल्या श्रोता मिळालाय.

विवेकरावांचा फोटो तिच्या उशाशी आहे. मला ती मामी म्हणते. तुझ्या अटी मी कागदावर उतरवून फ्रिजवर लावल्यात, म्हणजे भाजी काढताना रोज नजरेखालून जातात. तू त्या मला लिहिल्या असत्यास तरी चाललं असतं, यांच्यामार्फत कळवायची गरज नव्हती.

एक सांगायचं राहिलं. तिचे केस कापले, खांद्यापर्यंत. शाळेत सगळ्यांच्याच डोक्यात उवा झाल्या होत्या. तुला विचारायला हवं होतं, पण उवा थांबायला तयार नव्हत्या.

तू जेवणाची हेळसांड करू नकोस.

मेधा


ब्रोकन हिल
६ मे १९७९

ती. दादास,
सा. न.

केस कापल्याचं कळलं. कमरेपर्यंत होते. विवेकला तिची वेणी घालायला फार आवडायचं, वाकडी का होईना तोच घालायचा. उवांना औषध मिळतं, हे ब्रोकन हिलहून मी सांगायची वेळ यावी याचं नवल वाटतं. असो.

हे खाणींचं गाव आहे. माणसं बोटं चेपून घेऊन येतात आणि 'नो वरीज, डॉक' म्हणतात. सुट्टीच्या दिवशी करायला काही नसतं म्हणून लायब्ररीत गेले, तर आयर्लंडच्या इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ सापडला. म्हटलं, दादाचा अर्ल भेटतो का बघू. भेटला. त्याचा मुलगाही भेटला.

जेम्स ओब्रायनच्या घरी वाढून परत आला, इथपर्यंत तू सांगितलंस. पुढे त्यानं काय केलं ते सांगितलं नाहीस. भाऊ गेल्यावर जहागीर पुतण्याकडे गेली. तर या जेम्सनं पुतण्याला हुसकून लावलं आणि स्वतः अर्ल होऊन बसला. पुतण्यानं हलक्या कुळातली मुलगी केली, हे निमित्त. तो बिचारा परमुलखात मेला. म्हणजे दुसऱ्याच्या घरी वाढलेलं मूल परत येतं तेव्हा आपल्याच घराचं काय करतं, हे तुला ठाऊक होतं. तरी जानेवारीत मला फक्त 'दोन घरं जन्माची बांधली जातात' एवढंच लिहिलंस. ज्याचा शेवट लपवावा लागतो ती गोष्ट माणूस उगीच सांगत नाही.

चित्रा पत्रात आता 'लव्ह, चित्रा' लिहिते. आधी 'तुझी चित्रा' लिहायची.

पद्मा


कोबर्ग, मेलबर्न
३ जून १९७९

चि. पद्मास,
अनेक आशीर्वाद.

लपवलं नाही, तो भाग अकराव्या प्रकरणात आहे आणि मी अजून सातव्यात आहे. जेम्सच्या वागण्याचं खापर ओब्रायनच्या घरावर फोडणारी तू पहिली नाहीस. जुन्या इंग्रज बखरकारांनीही तेच केलं, आणि त्यांचा हेतू काही चांगला नव्हता. पुतण्याचं वतन गिळायला माणसाला आयरिश घरात वाढावं लागत नाही. आपल्याकडे कोकणात त्यासाठी ओसरी ओलांडावी लागत नाही.

जेराल्डचं खरं वजन पुढच्या पिढ्यांत दिसतं. त्याच्या मागे हे घराणं इतकं आयरिश झालं की इंग्रजांनाच ते परकं वाटू लागलं. एका मुलाला शेजारच्या घरी ठेवलं म्हणून एवढं झालं असं मी म्हणणार नाही, पण दार तिथून किलकिलं झालं. आणि लोकांनी त्याला मरूच दिलं नाही. तिकडे एक तळं आहे. अर्ल त्याच्या तळाशी झोपलाय आणि दर सात वर्षांनी चांदीचे नाल ठोकलेल्या घोड्यावर बसून तळ्याभोवती फेरी मारतो, असं सांगतात. ते नाल झिजून गेले की त्याची सुटका होणार आणि तो घरी परत येणार. मी चित्राला हे सांगितलं, आयव्हीनं त्यात आपल्या पदरची भर घातली. आता ती भिंतभर घोडे काढते.

बाकी संशय घेणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. तू ते फुकट का करतेस?

दादा

ता. क. खोलीचा रंग फिकट हिरवा आहे. त्याचा अर्थ लावून कळव.


कोबर्ग, मेलबर्न
१५ जुलै १९७९

प्रिय पद्मास,

थोडक्यात लिहिते. चित्राची तब्येत उत्तम. इथे थंडी फार आहे. या आठवड्यात ती तुला पत्र लिहीत नाहीये, शाळेचं काम आहे. पुढच्या आठवड्यात लिहील.

मेधा


ब्रोकन हिल
१२ सप्टेंबर १९७९

सौ. वहिनीस,
सा. न.

सोबत एक फोटो पाठवते आहे. कॅरोलिननं पाठवला. ती म्हणजे विवेकच्या ऑफिसातल्या ऑस्वाल्डची बायको, वसईची. ते हल्लीच मेलबर्नला आलेत हे तुला माहीत नसेल, नाहीतर त्या दिवशी जपून राहिली असतीस. ती लिहिते, 'आमच्या चर्चचा हॉल तुमच्या लोकांना दिला होता, मी चावी द्यायला गेले तर तुझी चित्रा दिसली. काहीतरी मोठा विधी चालला होता. आमच्या बाप्तिस्म्यासारखंच वाटलं मला. तू कशी नव्हतीस गं?'

मी कशी नव्हते, हेच मलाही विचारायचं आहे.

फोटोत दादा सोवळं नेसून पाटावर बसलाय. त्याच्या उजव्या हाताला तू, अंगावर शेला. समोर कलश, नारळ, समई, धूर. उपरणं घेतलेला एक माणूस दादाच्या तळहातावर पळीनं पाणी घालतोय. आणि चित्रा दादाच्या मांडीवर आहे. नवं परकर-पोलकं, कापलेल्या केसांत अक्षता. कॅरोलिनला कळलं नाही यात तिचा दोष नाही. पण ज्या घरात बाबांना असंच मांडीवर बसवलं, त्या घरच्या मुलीला हे कळणार नाही असं तुम्हाला वाटलं तरी कसं?

इथला कायदा काय म्हणतो ते मला सांगू नका. बाबांच्या वेळी तरी कायद्याला कोण विचारायला गेलं होतं? काय केलंत ते सरळ सांग. दादा सांगणार नाही, तो मला आणखी एखादा राजा सांगेल.

पद्मा


कोबर्ग, मेलबर्न
१९ सप्टेंबर १९७९

प्रिय पद्मास,

तो गणपती होता.

फोटोत दिसत नाही, कारण तुझ्या कॅरोलिननं बाजूनं फोटो काढला आणि गणपती शेल्फच्या आड गेला. मंडळाची या वर्षीची पूजा आमच्याकडे होती. पूजेला जोडप्यानं बसतात, आणि मी बसते उजवीकडेच. उपरणंवाला माणूस म्हणजे श्रीनिवास, आमचा डेंटिस्ट. तो कॅसेट लावून पूजा सांगतो. मध्येच टेप गुंतली, ती पेन्सिलीनं गुंडाळेपर्यंत त्यानं पुन्हा पहिल्यापासून आचमनं करायला लावली. तेवढ्यात चित्रा कंटाळून मामाच्या मांडीवर येऊन झोपली. अक्षता बाप्पावर टाकलेल्या, नेम सगळ्यांचाच वाईट. परकर-पोलकं मी शिवलं, तो गुन्हा कबूल.

राहता राहिली तुझी शंका. दत्तक घ्यायचं तर मुलाचा हात आपल्या हातात देणारं कुणीतरी समोर उभं लागतं. देणारी ब्रोकन हिलला होती.

फोटो परत पाठवते. जपून ठेव, चित्रा छान आली आहे.

मेधा


ब्रोकन हिल
८ ऑक्टोबर १९७९

सौ. वहिनीस,

गणपतीवर मी विश्वास ठेवला. फोटो पुन्हा पाहिला, कोपऱ्यात सोंडेचा तुकडा दिसतो. लाज वाटली आणि तुझी माफी मागायला म्हणूनच रविवारी फोन केला. तू भाजी आणायला गेली होतीस, दादा नेहमीप्रमाणे घरी असून नव्हता. चित्रानं घेतला.

आधी विचारते, 'आई, तुझे शूज वेअर आउट झाले का?' मला कळेना. मग म्हणाली, 'द अर्ल कम्स होम ना, व्हेन हिज सिल्व्हर शूज वेअर आउट. तू पण हॉस्पिटलमध्ये खूप चालतेस. सो व्हेन?' मी म्हटलं, थोडेच राहिलेत, नाताळाच्या आधी झिजतील. मग इकडचं तिकडचं बोलली आणि सहज म्हणाली, 'आई, जुलैत मला खूप फीव्हर होता ना, तेव्हा आय कॉल्ड आई, अँड मामीनं ओ दिली. सो आय वेंट टु स्लीप.'

जुलैत तू मला लिहिलंस, तब्येत उत्तम. लिहिलंस की शाळेचं काम आहे म्हणून पत्र नाही. माझ्या मुलीला ताप भरला, ती मला हाका मारत होती, आणि तिकडून ओ दिली तू. फ्रिजवरचा कागद वाचत असशील ना भाजी काढताना? त्यावर चार अटी आहेत. त्यांतल्या दोन तू एकाच दिवशी मोडल्यास.

मला वाटत होतं दादा काहीतरी शिजवतोय. त्याच्या अर्लच्या मागे मी सहा महिने घालवले. चुकीच्या माणसावर नजर ठेवली.

मी शुक्रवारी, एकोणीसला, इथून निघते. मिल्ड्युरापर्यंत बस आणि तिथून ट्रेन, शनिवारी पोचेन. तिला घेऊन येणार आहे. इथे एक बाई ठेवीन, नाहीतर नोकरी सोडीन, त्याची काळजी तुम्ही करू नये. तिची बॅग भरून ठेव.

पद्मा


कोबर्ग, मेलबर्न
१२ ऑक्टोबर १९७९

ती. वन्संस,
सा. न.

बॅग भरून ठेवली आहे. हिवाळी कपडे वेगळ्या पिशवीत घातलेत.

एकशे तीन ताप होता. डॉक्टर घरी येऊन गेले, औषध दिलं, चौथ्या दिवशी उतरला. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुमचं काम तपासायला मोठे डॉक्टर त्याच आठवड्यात येणार होते आणि तुम्ही सगळं टाकून आला असतात. हे खरं आहे, पण अर्धंच. दुसरं अर्धं असं की तुम्ही आला असतात तर तिला घेऊन गेला असतात.

तिनं डोळे मिटून हाक मारली, आई. तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं, तेवढं सांगा. थांब बाळ, मी मामी, आई पाचशे मैलांवर आहे, आणि तशी अट आहे? मी ओ दिली. तिनं पुन्हा मारली असती तर पुन्हा दिली असती.

मला ती हवी आहे का, हे तुम्ही जानेवारीपासून शोधताय. यांना विचारलंत, अर्लला विचारलंत, फोटोला विचारलंत. मला एकदाही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. हो, हवी आहे. बारशाला म्हटलं तेव्हाही ती थट्टा नव्हती. खोली रंगवायला घेतली तेव्हा तुमचं पत्र यायचं होतं हेही खरं. पण मूल हवं असणं वेगळं आणि घेणं वेगळं. मी घेतलं काहीच नाही. मामीच म्हणवून घेतलं, रोज.

यांच्या मनात यातलं काही नाही. यांच्या मनात चौदावं शतक आहे. शनिवारी यांना सकाळी लेक्चर आहे, म्हणून स्टेशनवर मीच येईन. चित्राला मी काही सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगा.

मेधा


ब्रोकन हिल
२८ ऑक्टोबर १९७९

ती. दादास,
सा. न.

त्या शनिवारी तू युनिव्हर्सिटीतून आलास तेव्हा मी निघून गेले होते आणि चित्राची बॅग दारातच होती. तू वहिनीला विचारलं असशील आणि ती 'काही नाही' म्हणाली असेल. म्हणून मी सांगते.

स्टेशनवरून घरी येईपर्यंत वहिनी एका खिडकीबाहेर बघत होती, मी दुसऱ्या. चित्रा मध्ये बसून माझ्या बुटांचे तळ बघत होती. घरी वहिनीनं चहा ठेवला. परतीची दोन तिकिटं माझ्या पर्समध्ये होती, दुपारची गाडी होती. मी चित्राला म्हटलं, आंघोळ करून घे, आपल्याला जायचं आहे. तिनं कुठे ते विचारलं नाही. फक्त वहिनीकडे पाहिलं आणि बाथरूममध्ये गेली. ते पाहणं मला सुईसारखं टोचलं. फ्रिजवर माझ्या अटींचा कागद होता. त्याच्या कोपऱ्याला हळदीचा डाग पडलाय. मी तो काढून घ्यायचं ठरवत होते, तेवढ्यात आतून हाक आली.

'आई, टॉवेल.'

आम्ही दोघींनी एकदम ओ दिली.

एका सुरात, दादा. तू असतास तर हसला असतास. वहिनी तर उठलीही होती, तिचा हात टॉवेलवर पोचला होता. मग तिला भान आलं. तिनं हात मागे घेतला, ओट्याकडे तोंड केलं आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायला लागली. टॉवेल हीटरवर पसरून ठेवलेला. मी उचलला तर ऊन ऊन होता. आंघोळीआधी ती तो रोज असा ठेवत असणार, कारण तिनं तो ठेवलेला मी पाहिलाही नव्हता. हात सवयीनं गेला असेल. मला अशी सवय कधी नव्हती. सिडनीला थंडीत मी तिला दोरीवरचा गार टॉवेल द्यायची आणि घाई कर म्हणायची.

मी तो वहिनीपुढे धरला आणि म्हटलं, तू जा. ती म्हणाली, हाक तुला मारली आहे. मी म्हटलं, तुला काय ठाऊक कुणाला मारली? कोण जाणार यावर आम्ही दोघी तिथेच उभ्या, आणि आतून चित्रा वैतागून ओरडली, 'एनिबडी!'

मग वहिनी गेली. आतून दोघींचं हसणं ऐकू आलं. मी चहा संपवला. मला वाईट वाटलं, ते मी लपवणार नाही. पण ज्या भीतीनं मी वर्षभर पत्रं लिहीत होते, ती भीती तशी राहिली नाही. चित्राला मी सांगितलं की मी फक्त भेटायला आले होते, शाळा पूर्ण कर, नाताळाच्या आधी येते. तिनं आधी माझ्या गळ्यात हात टाकले आणि मग बॅगेतले आपल्या घोड्यांचे कागद परत भिंतीवर लावायला गेली. तिला सांग, माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटायला आलाय.

वहिनीला मी अजून लिहिलेलं नाही. लिहीन. तिनं मला वन्सं म्हटलं ते मनाला लागलंय, ते आधी जाऊ दे.

तुझं अडलेलं प्रकरण आता पुढे ने. जानेवारीत मी तुला ओलीस असं उत्तर दिलं होतं, ते खोडून टाक. तुझ्या अर्लला ओब्रायनचं घर आतून ठाऊक होतं, तो तिथे कैदेत राहिला होता. कोण कसं जेवतं, कुणाचा कुणावर जीव आहे, हे कैद्याइतकं कुणाला दिसत नाही. त्या घराला आपला मुलगा हवा आहे, आपल्याकडून काढून घ्यावा इतका हवा आहे, हे त्याला पक्कं कळलं असणार. म्हणून भ्याला असेल, आणि म्हणूनच ठेवला असेल. ज्या घराला मूल नकोच आहे, तिथे त्याच्या हाकेला ओ कोण देणार?

माझा संशय पार गेला असं वहिनीला सांगू नकोस. अटी फ्रिजवर राहू देत, डिसेंबरात मी येणारच. फक्त आईची अट तेवढी खोड, आणि हाकेला जी जवळ असेल तिनं ओ द्यावी असं लिही.

आणि तुझे प्रोफेसर पुरावा मागतील. त्यांना सांग, कोबर्गला एका घरात टॉवेल हीटरवर ठेवलेला असतो.

तुझी
पद्मा